दारामागच्या बॅगेतला थर्मास

माझ्या बुडापासून चार बोटं वर एक पोचा आहे. आकाराने तो चिंचोक्याएवढा आणि खोलीला साधारण दोन मिलिमीटर. उजेड बाजूने पडला तरच तो दिसतो. समोरून पाहिलं तर मी गुळगुळीतच वाटतो. अंगठा फिरवला की मात्र लगेच कळतं. माझा मालक हरीश मला उचलताना नेहमी तिथेच अंगठा ठेवतो.

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. पोलादाचा, एक लिटरचा. मला जपानमधल्या एका कारखान्यात बनवलं. पोलादाचं एक नळकांडं दुसऱ्या नळकांड्यात बसवलं, तोंडाशी दोन्ही जोडली आणि मधली सगळी हवा ओढून घेतली. त्यामुळे माझ्या दोन भिंतींमध्ये काहीच नाही. आतल्या चहाच्या उष्णतेला बाहेर यायला वाट लागते आणि तिथे वाटच नाही. बाहेरची भिंत कुठे आतल्या भिंतीला टेकली, तर तिला पूल मिळेल आणि मी साधी बाटली होऊन जाईन. माझा पोचा टेकलेला नाही. अगदी थोडक्यात राहिला.

हा पोचा कसा आला, ते आधी सांगतो.

१९९० च्या जानेवारीत हरीशने मला कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारातून आणलं. हरीश मूळचा चिपळूणचा. तो एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे तंत्रज्ञ होता. त्याची बायको योगिनी पुण्याची, ती त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. त्यांची मुलगी स्वरा तेव्हा काही महिन्यांची होती. तिच्या दुधासाठी उकळलेलं पाणी गरम ठेवणं हे माझं पहिलं काम. अबू हलीफामधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक सागवानी टेबल होतं, सहा जणांचं. योगिनीने पगारातून साठवून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू. मी त्या टेबलावर उभा असायचो. लाकडावर गोल डाग पडू नये म्हणून योगिनी माझ्याखाली क्रोशाचा रुमाल ठेवायची. मला त्या जागेचा अभिमान होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका पहाटे शेजारच्या इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. काही आठवड्यांनी इतर अनेक भारतीयांसारखे हे तिघेही बसने निघाले. जे उचलता येईल तेवढंच घ्यायचं होतं. हरीश टेबलावर तळहात ठेवून उभा राहिला.

"राहू दे ते," योगिनी म्हणाली. "स्वराला घ्या."

जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटात तंबू होते. कधी बस मिळायची, कधी नुसतं चालायचं. पाण्याच्या रांगेत एकदा मोठी रेटारेटी झाली, हरीश पडला आणि मी त्याच्या अंगाखाली एका दगडावर आपटलो. तो उठला, आधी माझं झाकण उघडलं आणि एक थेंब मनगटावर टाकून पाहिला. पाणी गरम होतं.

"टिकला," तो म्हणाला. त्या प्रवासात मी त्याच्या तोंडून ऐकलेला तो एकच समाधानाचा शब्द.

दोन वर्षांनी हॉस्पिटलने दोघांना भारतातून परत बोलावलं. तीच इमारत मिळाली, तोच फ्लॅटही मिळाला. आत काहीच नव्हतं. दिवेसुद्धा काढून नेले होते. जमिनीवरच्या लिनोलियमवर मात्र टेबलाच्या पायांचे चार खोलगट ठसे होते. हरीश गुडघ्यांवर बसला आणि त्याने प्रत्येक ठशात एकेकदा बोट घालून पाहिलं. उठताना त्याने घराचा नियम सांगितला.

"जे उचलून जिन्याने उतरवता येत नाही, ते या घरात आणायचं नाही."

माझं नशीब त्या नियमाने ठरलं. मी उचलता येणारा होतो, टिकलेला होतो. म्हणून मला दारामागच्या खुंटीवरच्या बॅगेत जागा मिळाली. हिरवट रंगाची, जाड कापडाची ती बॅग. तिच्यात पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रं, लसीकरणाची कार्डं, फोटो, बॅटरी, बिस्किटांचे पुडे आणि बाजूच्या उघड्या खिशात मी. रात्री-अपरात्री निघावं लागलं तर एका हाताने उचलायची आणि जायचं.

सुरुवातीला मला हा मोठा मान वाटला. पण मान मिळाला आणि काम गेलं. वर्षातून दोनदा हरीश बॅग उतरवायचा, बॅटरीचे सेल बदलायचा, बिस्किटं बदलायचा. मला बाहेरून पुसायचा, झाकण आणखी घट्ट करायचा आणि परत ठेवायचा. आत थेंबभर चहा नाही की पाणी नाही. माझी रबरी रिंग कडक होत गेली. आतली हवा १९९२ सालचीच राहिली.

खिशातून मला घर दिसायचं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, घडीच्या गाद्या होत्या. जेवण जमिनीवर, चटई अंथरून. त्यात वाईट काही नव्हतं, पण योगिनी त्या चार ठशांवर चटई कधी अंथरायची नाही. स्वरा मोठी झाली. ती अभ्यासाला इस्त्रीच्या घडीच्या टेबलाशी उभी राहायची, कारण वह्या ठेवायला सपाट जागा तेवढीच होती.

"ऊठ गं, म्हणजे सरक गं, मला इस्त्री करायचीय."

"आई, केमिस्ट्री चालू आहे. टू मिनिट्स."

"बाबांचा शर्ट आहे."

"बाबा ॲप्रन घालतात वरून. हू विल सी?"

बिस्किटं बदलली की जुनी स्वराला खावी लागत. "इमर्जन्सी बिस्किट्स अगेन!" ती ओरडायची. "बाबा, धिस इज नॉट नॉर्मल. माझ्या मैत्रिणींच्या घरी दारामागे छत्री असते."

"छत्रीने काय होतंय?" हरीश म्हणायचा.

२००३ मध्ये इराकमध्ये पुन्हा युद्ध झालं. कुवेतमध्ये सायरन वाजायचे. त्या दिवसांत हरीश बॅग उशाशी घेऊन झोपत असे. मग युद्ध सरलं, ज्याची भीती होती ते सरकार गेलं. योगिनीला वाटलं, आता बॅग खाली येईल. तिने तसं विचारलंही. आधी सहज, मग स्पष्टच.

"टेबल घेऊया ना आता."

"पुढच्या वर्षी बघू."

"स्वरा पंधरा वर्षांची होईल. अजून दोन-तीन वर्षांनी ती कॉलेजला जाईल. मग टेबलावर बसणार कोण? तुम्ही, मी आणि तुमची बॅग?"

हरीश हसला नाही. "बघू म्हटलं ना," तो म्हणाला. योगिनीने विषय तिथेच थांबवला. पण ती वाद सोडून देणाऱ्यांतली नाही, हे मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत काम करणारी माणसं निकाल येईपर्यंत थांबतात, एवढंच.

प्रयोगशाळेत तिच्याबरोबर असमा नावाची हैदराबादची मैत्रीण होती. ती नवऱ्याबरोबर इटलीला चालायच्या सुट्टीवर जाऊन आली होती. तिने योगिनीला माहितीपत्रक आणून दिलं. योगिनीने ते घरी आणून हरीशच्या मांडीवर ठेवलं.

"चालायची सुट्टी? म्हणजे काय?"

"रोज थोडं चालायचं. एका गावाहून दुसऱ्या गावाला, द्राक्षांच्या मळ्यांमधून. बरोबर माहीतगार वाटाड्या असतो."

"पाठीवर बॅग टाकून अनोळखी मुलखात चालायचं आणि वर पैसे द्यायचे? आपण एकदा फुकटात चाललोय."

"तेव्हा परत आणून सोडणारं कुणी नव्हतं. हे आणून सोडतात. छापलंय त्यात."

"द्राक्षंच बघायची तर नाशिकला जाऊ."

"नाशिकला तुमच्या आत्या आहेत. तिथे चालणं व्हायचं नाही, जेवणंच होतील."

"आणि तिथे सगळीकडे वाइन. इथे दारूबंदी, परत येताना विमानतळावर बॅगेत काही सापडलं तर?"

"तुम्हाला खोकल्याच्या औषधाने गुंगी येते. तुम्ही कसली बाटली आणताय!"

शेवटी असमाने एका शुक्रवारी घरी येऊन प्रकरण निकालात काढलं. "हरीशभाई, वहाँ सामान गाड़ी में जाता है और आदमी पैदल जाता है. आप के घर में उलटा है. आदमी बैठा है और सामान दरवाज़े पे तैयार खड़ा है."

स्वरा इतकी हसली की हरीशला तयार व्हावं लागलं. त्याची अट एकच. दारामागची बॅग बरोबर येणार आणि ती गाडीत जाणार नाही, त्याच्या खांद्यावर राहणार.

अशा रीतीने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये मी इटलीत पोचलो. वायव्य इटलीतल्या लांगे नावाच्या टेकड्या. जिकडे पाहावं तिकडे उतारावर द्राक्षांच्या ओळी, कंगव्याने भांग पाडल्यासारख्या. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुलाबाचं झुडूप. आमचा वाटाड्या दोनातो साठीचा, काटक, हातांच्या रेघांत माती रुतलेला. तो इंग्रजी सावकाश बोलायचा, त्यामुळे सगळ्यांना कळायचं. त्याने सांगितलं की द्राक्षांवर येणारा बुरशीचा रोग कधीकधी आधी गुलाबावर दिसतो, म्हणून जुन्या लोकांनी इशाऱ्यासाठी गुलाब लावले.

"म्हणजे सायरन," हरीश योगिनीला म्हणाला.

"सायरनला वास असा नसतो," ती म्हणाली.

पहिल्या सकाळी गटातल्या सगळ्यांचं सामान गाडीत गेलं. दोनातोने हरीशच्या बॅगेचा पट्टा एका बोटाने उचलून पाहिला.

"पुस्तकं?"

"कागदपत्रं."

"सगळी?"

"सगळी."

"माझा नर्सरीचा रिपोर्टसुद्धा आहे," स्वराने इंग्रजीत माहिती पुरवली. "'प्लेज वेल विथ अदर्स.' कुणी अडवलं तर बाबा दाखवणार आहेत."

दोनातोने मान हलवली आणि चालायला सुरुवात केली.

त्याच दिवशी माझी फजिती झाली. हरीशने कुवेतहून चहाची पूड, दुधाची भुकटी आणि आलं आणलं होतं. सरायीच्या स्वयंपाकघरातून त्याने उकळतं पाणी मागून घेतलं, चहा केला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्यात काही ओतलं. मी थरारून गेलो. पहिल्या थांब्यावर सगळे दगडी कठड्यावर बसले. हरीशने कौतुकाने पेले भरले. आधी स्वराने तोंड वाकडं केलं, मग योगिनीने पेला नाकाशी नेला.

"कपाटाचा वास येतोय."

"गरम तर आहे!"

"गरम आहे. पण पिण्यासारखा नाही."

मित्रांनो, चहा गरम ठेवण्यात मी कसूर केली नव्हती. तरी मला फार वाईट वाटलं. बारा वर्षं झाकण घट्ट लावून ठेवलेल्या भांड्यात दुसरं काय होणार?

त्या संध्याकाळी योगिनीने सरायीच्या बाईंकडून खायचा सोडा मागून घेतला. गरम पाण्यात तो विरघळवून माझ्यात भरला. रबरी रिंग काढून वेगळ्या वाटीत कोमट पाण्यात ठेवली, बोटांनी हलकेच दाबत राहिली. मला तीनदा विसळलं. मग झाकण न लावता खिडकीत ठेवलं. हरीश झाकण घेऊन मागे आला, तर तिने ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"उघडाच राहू दे. वाळला पाहिजे आतून."

टेकडीवरून वारा आला. त्याला कुठेतरी आंबलेल्या द्राक्षांचा आणि ओल्या मातीचा वास होता. तो माझ्या तोंडावरून गेला तेव्हा बारीक शीळ वाजली. माझ्यातून आवाज निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून चहा उत्तम झाला. दोनातोलाही एक पेला दिला. त्याने मोठा घोट घेतला आणि आल्याने त्याला ठसका लागला.

"हे औषध आहे का?"

"हो," हरीश म्हणाला. "चढावरचं."

त्या दुपारी आम्ही एका तळघरात गेलो. तिथे लाकडाची पिंपं होती, खोलीएवढी उंच. माणसं वाइन चाखत होती. हरीश चहा पीत पिंपांभोवती फिरला. त्याने पिंपाची रुंदी पाहिली, मग दाराची रुंदी पाहिली, मग पुन्हा पिंपाची.

"हे आत कसं आणलं?"

"आणलं नाही," दोनातो म्हणाला. "फळ्या आणल्या. पिंप इथे आतच जोडलं."

"मग बाहेर कसं काढणार?"

"कशाला काढायचं?"

"समजा, आग लागली. समजा, युद्ध झालं."

"युद्ध झालं होतं. माझे आजोबा याच गावात होते. माणसं डोंगरात गेली, पिंप इथे राहिलं. माणसं परत आली."

"आणि पिंप?"

"त्यातलं कुणीतरी पिऊन टाकलं होतं," दोनातो म्हणाला. "परत भरलं."

हरीशचा अंगठा माझ्या पोच्यावरून मागेपुढे फिरत राहिला.

तिसऱ्या सकाळी दाट धुकं होतं. ओळीच्या दुसऱ्या टोकाचा गुलाब दिसत नव्हता. एका उतारावर द्राक्षांची तोडणी चालली होती. तो मळा दोनातोच्या चुलतभावाचा. त्याने हाका मारून आम्हाला बोलावलं आणि हौशी लोकांच्या हातात कात्र्या दिल्या. स्वराने एक घेतली. मग तिने दुसरी बाबांपुढे धरली.

"कम ऑन, बाबा."

"बॅग आहे."

"बॅग खाली ठेवता येते. ग्रॅव्हिटी मदत करते."

हरीशने आजूबाजूला पाहिलं. धुक्यात आपल्या मंडळींशिवाय कुणी नाही, याची खात्री केली आणि बॅग ओळीच्या टोकाशी गुलाबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. पहिले काही घड त्याने मान वळवून वळवून, बॅगेकडे बघत कापले. पण एक्स-रे काढणाऱ्याचे हात स्थिर असतात. घडाखाली डावा तळहात धरायचा, देठ शोधायचा, कापायचा, करंडीत अलगद ठेवायचा. त्याला ते काम जमलं आणि आवडलं. चुलतभावाने त्याच्या पाठीवर थाप मारली. ओळीत पुढे जाता जाता हरीश धुक्यात दिसेनासा झाला. मला फक्त आवाज येत होते.

"नवी वेल लावली की फळ कधी?" हरीश विचारत होता.

"चौथ्या वर्षी थोडं," दोनातोचा आवाज. "चांगलं म्हणशील तर दहाव्या, पंधराव्या."

"तोवर काय करायचं?"

"तोवर इथे राहायचं."

मग धुकं विरलं, ऊन पडलं, निघायची हाक आली. मंडळी ओळीच्या वरच्या टोकाने बाहेर पडली. हरीश स्वराबरोबर बोलत चालला होता. द्राक्षांच्या रसाने चिकट झालेली बोटं तो हवेत पसरून धरत होता. त्याचे दोन्ही खांदे मोकळे होते. मी आणि बॅग खालच्या टोकाला गुलाबापाशी होतो.

माझ्या पोटात चहा होता, तरी मी गार पडलो. चौदा वर्षांत तो आम्हाला कधीच विसरला नव्हता.

योगिनी सर्वांत मागे होती. तिने मळ्याचा उतार पाहिला, बॅग पाहिली आणि ती शांतपणे खाली आली. तिने बॅगेतून पासपोर्टची पिशवी काढून आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, बटण लावलं, वरून चाचपून पाहिलं. मग बॅग न उचलता दोनातोला हाताने बोलावलं.

"ही सामानाच्या गाडीतून पाठवता येईल?"

"येईल. त्याला सांगू?"

"नको. त्याला कधी आठवते ते मला पाहायचंय."

वरून स्वरा धावत आली. "आई, बाबांची बॅ—"

"श्श."

स्वराने आईकडे पाहिलं, मग दूर मोकळ्या हातांनी चाललेल्या बाबांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. "ओ माय गॉड," ती हळूच म्हणाली. "ही इज स्विंगिंग हिज आर्म्स."

"चल पुढे. आणि तोंडावर काही दिसू देऊ नकोस."

मित्रांनो, मी त्या दिवशी गाडीतून गेलो, म्हणून त्यांची चाल मला पाहता आली नाही. वाटेत गाडीच्या खिडकीतून टेकड्या सरकत होत्या आणि मी विचार करत होतो. इथे थोडं थांबून तुम्हाला एक मागणं करतो. संकटासाठी वस्तू तयार ठेवणं ही चूक नाही. मी त्या वाळवंटात एका बाळाचं पाणी गरम ठेवलं आहे. तयारीची किंमत मी जाणतो. पण आम्हाला नुसतं संकटासाठी राखून ठेवू नका. वस्तू वापरल्याने झिजतात, हे खरं. न वापरल्याने त्या आतून शिळ्या होतात आणि ते बाहेरून पुसून दिसत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला रोज धुवा, त्यात चहा भरा, चारचौघांना द्या. आणि काम झालं की झाकण काढून ठेवा. आतला ओलावा जाऊ द्या. मी आता ओट्यावर असाच उघडा असतो.

संध्याकाळच्या आत गाडी पुढच्या गावातल्या सरायीत पोचली. तिथल्या मालकीणबाईंनी, म्हणजे सिन्योराबाईंनी, बॅग वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात एका बाकावर ठेवली. दालनाच्या मधोमध अक्रोडाच्या लाकडाचं एक लांब टेबल होतं. कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या. कुणीतरी कधीतरी सुरीने कोरलेली दोन अक्षरं. मी बाकावरून ते पाहत राहिलो. मला क्रोशाचा रुमाल आठवला.

मंडळी आली ती दमून, मोठमोठ्याने बोलत. हरीशचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. तो टेबलाशी बसला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि पाय लांब केले.

"आज खरं चाललो," तो म्हणाला. "चहा कुठाय गं? थर्मास कुणाकडे आहे?"

स्वराने ओठ घट्ट मिटले होते. तिच्या खांद्यांवरून ती हसते आहे, हे कळत होतं.

"अगं, थर्मास—" हरीश म्हणाला आणि थांबला. त्याचा हात खांद्याकडे गेला. तिथे पट्टा नव्हता. तो उभा राहिला तेव्हा खुर्ची मागे कलंडली.

"बॅग!"

"बाकावर आहे," योगिनी म्हणाली. "पासपोर्ट माझ्याकडे आहेत."

त्याने वळून पाहिलं. आम्ही दिसलो.

"कुठे राहिली होती?"

"गुलाबापाशी."

"म्हणजे सकाळपासून?"

"सकाळपासून."

"आणि तू बोलली नाहीस. एवढे कागद त्यात. हा काय प्रयोग आहे का?"

"हो," योगिनी म्हणाली.

त्याचा राग मला स्पष्ट दिसत होता. जबडा आवळलेला, कानशिलं तांबडी. दालनातले बाकीचे लोक मेनूच्या कागदात डोळे घालून बसले. स्वराचं हसू मावळलं. ती उठली, बाकाशी आली, तिने मला खिशातून काढलं आणि नेऊन बाबांपुढे ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी मराठीतच. "तुम्ही आधी चहा मागितलात."

हरीशने मुलीकडे पाहिलं.

"पासपोर्ट कुठेत, बॅग कुठाय, असं नाही विचारलंत. चहा कुठाय विचारलंत."

तो हळूच खाली बसला. योगिनीने कलंडलेली खुर्ची आधीच सरळ करून ठेवली होती. हरीशने अंगठा माझ्या पोच्यावर ठेवला, झाकण उघडलं आणि एक थेंब मनगटावर टाकून पाहिला. सकाळचा चहा, आता संध्याकाळ. मी माझ्याकडून काही कमी पडू दिलं नव्हतं. त्याने तीन पेले भरले. आधी योगिनीचा, मग स्वराचा, मग स्वतःचा.

सिन्योराबाई पाव घेऊन आल्या. लाकडावर ठेवलेला मी त्यांना दिसलो. त्यांनी मला उचललं, माझ्याखाली पांढरा रुमाल सरकवला आणि पुन्हा ठेवलं. योगिनीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. हरीश त्या रुमालाकडे बघत होता.

"हे टेबल," त्याने बाईंना इंग्रजीत विचारलं, "जिन्याने वर कसं आणलं?"

बाईंनी दोनातोकडे पाहिलं. दोनातोने त्यांच्या भाषेत विचारलं आणि उत्तर इंग्रजीत आणून दिलं.

"आणलं नाही. त्यांच्या सासऱ्यांच्या लग्नात सुताराने इथेच जोडलं."

हरीशने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, त्या कोरलेल्या अक्षरांपर्यंत नेलं आणि तिथे थांबवलं. चहाचा एक घोट घेतला. स्वरा पाव मोडत होती. तिची कोपरं टेबलावर टेकलेली होती, आणि त्याने तेही पाहिलं.

"योगिनी," तो म्हणाला, "घरी पोचलो की सुतार बघ. सहा जणांचं टेबल करायला सांगूया, सागवानी, त्याच जागेवर. फळ्या वर आणून त्याने घरातच जोडायचं, आणि दारातून परत निघणार नाही एवढं मोठं करायचं."